ओव्हरटेक केलंय वाघानं

‘बघतोस काय रागानं, ओव्हरटेक केलंय वाघानं.’ पुढच्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोच्या फळीवर पिवळ्या रंगात लिहिलं होतं. टोमॅटोचे रिकामे क्रेट बांधलेल्या दोरीचं टोक नेमकं ‘वाघानं’वर लोंबत होतं. वाघ त्या वेळी माणसाच्या चालीने चालला होता, आणि मी अकरा मिनिटं त्याच्या मागे होतो. ठिकाण बोरघाट, अमृतांजनच्या जरा अलीकडे. 2023च्या मे महिन्यातला शनिवार, सकाळचे सव्वाआठ.

मे महिना, शनिवार आणि घाट हे तीन शब्द एकत्र आले की मुंबईकडून पुण्याला जाणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. पण आमचा इलाज नव्हता. कोथरूडला मावसभावाच्या मुलाची मुंज होती. मुहूर्त 10 वाजून 52 मिनिटांचा. पत्रिकेत सेकंद तेवढे छापायचे राहिले होते. डोंबिवलीहून सव्वासहाला निघालो तेव्हा मी घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो होतो, “नवाला चितळ्यांच्या दारात असू.” बायको काही बोलली नाही. तिने फक्त पाण्याची आणखी एक बाटली घेतली.

गाडीत चौघं. शेजारी बायको, मागे आई आणि लेक. आईने जरीची नारायणपेठ नेसली होती, कारण आतेभावजयांसमोर सुती नेसून गेलं तर वर्षभर त्याची चर्चा चालते. तिच्या एका हातात आवळासुपारीची डबी, दुसऱ्या हातात एक लिंबू, आणि पर्समध्ये चौकोनी घड्या घातलेली प्लॅस्टिकची पिशवी. आईला गाडी लागते. लहानपणापासून लागते. माहेरची महाडची, एसटीने वरंध घाटातून यायची, तेव्हापासून हे तिन्ही तिच्यासोबत असतात. हे मला पंचेचाळीस वर्षं ठाऊक आहे. त्या सकाळी मात्र ते माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं.

अमृतांजन म्हणजे आता फक्त एक नाव उरलंय. तिथला जुना पूल 1830 सालचा. त्यावर बामची जाहिरात असायची म्हणून लोकांनी पुलाचंच नाव अमृतांजन करून टाकलं. 2020च्या एप्रिलमध्ये लॉकडाऊनने रस्ता रिकामा मिळाला तेव्हा पूल पाडला. पूल गेला, डोकेदुखी मात्र जागच्या जागी राहिली. कारण दुखण्याचं मूळ पुलात कमी आणि आकड्यात जास्त. द्रुतगती मार्गाच्या येण्याजाण्याच्या मिळून सहा लेन, जुन्या महामार्गाच्या चार. हे दोन्ही रस्ते तेव्हा खोपोलीच्या वर आडोशीजवळ एकत्र यायचे आणि खंडाळ्यापर्यंत एकत्रच राहायचे. म्हणजे दहा लेनची वाहतूक सहा लेनमध्ये ओतायची, तीही चढावर, पहिल्या गिअरमध्ये कण्हणाऱ्या कंटेनरांसकट. रॉकेलच्या दुकानात नरसाळं बघितलेल्या कुणालाही पुढचं कळेल. वरून कितीही जोराने ओता, खाली धार तेवढीच पडते.

हे सगळं मला आज कळतं. त्या सकाळी मला फक्त एवढंच कळत होतं की उजवी लेन सरकतेय आणि आपली नाही.

मी उजवीकडे घुसलो. तीस मीटर गेलो असेन, तेवढ्यात उजवी थांबली आणि मघाची माझी मधली लेन हलली. तो पांढरा बलेनोवाला, जो मघा माझ्या मागे होता, माझ्या शेजारून पुढे गेला. जाताना त्याने माझ्याकडे बघितलंही नाही, आणि तेच जास्त लागलं. मी पुन्हा मधल्या लेनमध्ये. मग डावीकडे, कारण दोन कंटेनरच्या मध्ये एक गाडी मावेल एवढी फट दिसली. मग पुन्हा मधली. इंडिकेटर पहिल्या दोन-तीन वेळा दिला. नंतर सोडून दिला. इंडिकेटर दिला की मागचा फट बुजवतो, हे आपल्याकडच्या प्रत्येक चालकाला परवान्याआधी कळलेलं असतं.

लेकीला कंटाळा आला होता. मोबाइल गाडीत बघायचा नाही असा घरचा नियम, आजीचं बघून तिलाही मळमळतं म्हणून. तिने मुंजीची पत्रिका मागून घेतली, कोरी बाजू वर केली आणि पेन्सिलीने तीन रकाने पाडले. ‘आपण’, ‘ते’ आणि ‘बाबा’. आपण ज्यांना मागे टाकलं त्या गाड्या पहिल्यात. ज्यांनी आपल्याला टाकलं त्या दुसऱ्यात. बाबाने लेन बदलली की तिसऱ्यात एक रेघ. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. खालापूरचा टोलनाका गेल्यापासून तिने हिशेब चालू केला होता आणि मला पत्ताच नव्हता. मधूनमधून मागून पेन्सिलीचा आवाज येत होता, एवढंच.

आडोशीच्या बोगद्यानंतर आईने लिंबू नाकाशी धरलं. बायकोने आरशातून बघितलं आणि म्हणाली, “अरे, जरा एका लेनमध्ये राहा ना.” मी म्हणालो, “दोन मिनिटं. एकदा हा पट्टा गेला की मोकळंच आहे.” ही दोन मिनिटं म्हणजे ‘साहेब जागेवर नाहीत, दोन मिनिटांत येतील’ यातली.

आईने आवळासुपारी तोंडात टाकली. काही म्हणाली नाही. आई असं काही म्हणत नाही. आमच्या घरात मुलगा गाडी चालवत असला की त्याला टोकायचं नाही, अशी तिची स्वतःचीच एक घटना आहे. तिने पिशवीची घडी मोडली तेव्हा मी तिसऱ्यांदा डावीकडून एका टँकरच्या पुढे जात होतो. टँकरवाल्याने ब्रेक दाबला, मीही दाबला, सगळे पुढे झुकले. आणि आईची पिशवी उघडायला अर्धा क्षण उशीर झाला.

पुढचे तपशील नकोत. जागा मिळाली तिथे कडेला गाडी घेतली, धोक्याचे दिवे लावले. दोन बाटल्या पाणी, बायकोचा रुमाल, टिश्यूचं अख्खं पाकीट. नारायणपेठचा पदर धुतला, पिळला, पुन्हा धुतला. आई रस्त्याच्या कठड्याला धरून दरीकडे तोंड करून उभी होती आणि सारखं म्हणत होती, “झालं, झालं. आता बरं वाटतंय. चला, उशीर होईल.” बारा मिनिटं गेली. त्या बारा मिनिटांत छोटा हत्ती आमच्या शेजारून शांतपणे निघून गेला. दोरी हलली होती. आता वाघ अख्खा दिसत होता.

गाडी पुन्हा चालू झाल्यावर लेकीने मागून निकाल वाचून दाखवला. आपण 63, ते 55, बाबा 29.

गंमत म्हणजे मला तो आकडा खोटा वाटला. मला शपथेवर सांगायला लावलं असतं तर मी म्हणालो असतो, आपल्याला शंभर जणांनी मागे टाकलं आणि आपण जेमतेम पंधरा-वीस जणांना. लेक भडकली. “मी एक पण सोडली नाहीये बाबा.” तिचं खरं होतं. ती असल्या बाबतीत आजोबांवर गेलीय, दुधाचा रोजचा हिशेब पेन्सिलीने कॅलेंडरवर लिहिणाऱ्या.

मग मला वाटलं तेवढे कुठून आले? या प्रश्नाने मला पुढे बरेच दिवस छळलं आणि त्याचं उत्तर शोधताना कळलं की यावर लोकांनी फार आधीच डोकं चालवून ठेवलंय. टोरांटोचे डॉक्टर डोनाल्ड रेडेलमायर आणि स्टॅनफर्डचे संख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट टिबशिरानी यांनी 1999 साली ‘नेचर’मध्ये याच विषयावर एक छोटा निबंध लिहिला होता. शेजारची लेन जास्त वेगाने जाते असं का वाटतं? संगणकावर त्यांनी दोन सारख्या लेन तयार केल्या. दोन्हींची सरासरी एकच. तरीही प्रत्येक चालकाचा जास्त वेळ मागे टाकण्यात नाही, मागे पडण्यात जात होता. शिवाय गाडी शिकणाऱ्या मुलांना त्यांनी गाडीतून घेतलेलं चित्रण दाखवलं. शेजारची लेन काही सरासरीने पुढे नव्हती, तरी बहुतेकांनी सांगितलं, ती जोरात चाललीय. आणि संधी मिळाली तर तिकडे जाऊ, असंही सांगितलं.

हे कसं होतं ते मी आपल्या घाटात बसवून बघितलं. समजा शेजारशेजारच्या दोन लेन. दोन्हींत अर्धा किलोमीटर मोकळा पट्टा, मग अर्धा किलोमीटर गचडीचा, आलटून पालटून. मोकळ्यात ताशी 30, गचडीत ताशी 10. मोकळा पट्टा एका मिनिटात संपतो, गचडीला तीन मिनिटं लागतात. चार मिनिटांनी दोन्ही लेन बरोबर एक-एक किलोमीटर पुढे. कुणीच कुणाच्या पुढे नाही. पण त्या चारातली तीन मिनिटं मी रखडत असतो आणि एकच मिनिट धावत असतो. धावताना मी गचडीतल्या, एकमेकांना चिकटून उभ्या गाड्या झपाट्याने मागे टाकतो, बघता बघता वीस. रखडताना तेवढ्याच वीस गाड्या मला मागे टाकतात, पण त्या सुट्या सुट्या, एकामागून एक, चवीचवीने. मोजलं तर वीसास वीस. घड्याळात एकास तीन.

आणि वर आणखी एक. मी ज्याला मागे टाकलं तो आरशात जातो आणि तिथून नाहीसा होतो. ज्याने मला टाकलं तो माझ्या डोळ्यांसमोर राहतो, मागचे दिवे लावून, कधीकधी फळीवर चार ओळी लिहून. त्या 63 गाड्यांमधली एकही मला आठवत नाही. बलेनोचा नंबर मात्र आजही अर्धा सांगू शकेन.

यावर 2001 साली निक बोस्ट्रॉम या तत्त्वज्ञाने वेगळाच फाटा काढला. त्याचं म्हणणं, शेजारची लेन जोरात जाते हा भास नाही, बऱ्याचदा ती खरंच जोरात जात असते. जी लेन हळू चालते तिच्यात गाड्या दाटीने असतात, म्हणजे जास्त असतात. मग रस्त्यावरचा कुणीही एक चालक उचलला तर तो हळू लेनमध्ये सापडण्याची शक्यताच जास्त. यात नशीब फुटकं असण्याचा काही संबंध नाही. लोकलच्या गर्दीचंही तसंच. रिकामी लोकल कधी बघितलीच नाही असं म्हणणारे बरोबर असतात, कारण लोकल रिकामी असते तेव्हा ती बघायला आत कुणी नसतं. मला हा युक्तिवाद फार आवडला. पण त्याने माझी सुटका होत नाही. शेजारची लेन खरोखर मोकळी असेल तर ती फक्त मलाच दिसते असं थोडंच आहे? मी इंडिकेटर न देता वळवतो त्या क्षणी माझ्यासारखे आणखी सहा वाघ तिकडेच वळवत असतात. मी पोचेपर्यंत ती मोकळी उरत नाही.

आता आठ गाड्यांचा हिशेब. 63 वजा 55. एवढी झटापट करून निव्वळ आठ. भरल्या रस्त्यात एका लेनमधून एका जागेपुढून साधारण दोन सेकंदांनी एक गाडी जाते, तासाला अठराशेच्या आसपास. रस्ते बांधणारे अभियंते असाच काहीसा आकडा धरतात. म्हणजे माझ्या पुढची एक गाडी माझ्या मागे गेली की माझे वाचले दोन सेकंद. पुढे मोकळा रस्ता असता तर गोष्ट वेगळी, पण सगळ्यांना त्याच नरसाळ्यातून जायचंय तेव्हा माझा फायदा म्हणजे रांगेतल्या माझ्या जागेचा फायदा, दुसरा काही नाही. आठ गुणिले दोन. सोळा सेकंद. त्यातले काही ट्रक होते म्हणून हात सैल सोडून अर्धं मिनिट म्हणा. 29 वेळा स्टिअरिंग फिरवून अर्धं मिनिट.

फोनवरचा नकाशाही हेच सांगत होता, मीच ऐकत नव्हतो. टोलनाक्यावर तो पोचायची वेळ 10:38 दाखवत होता. दर कटनंतर मी चोरून बघायचो, वाटायचं आता तरी 36 होईल. तो आपला 41, 43 करत वर चालला होता. त्याला माझ्या शौर्याची काही पडलेली नव्हती. त्याला नरसाळं दिसत होतं.

वेगाचा हिशेब माणसाच्या पोटात उलटा बसवलेला असतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी यावर बरंच काम केलंय. मी माझ्यापुरतं साधं गणित मांडलं. घाटातले दहा किलोमीटर धरा. ताशी 10 वरून 15 वर गेलो तर तासाऐवजी चाळीस मिनिटं लागतात. वीस मिनिटं वाचली. तेच दहा किलोमीटर सपाटीवर, ताशी 100 वरून 105 वर गेलो तर वाचतात सतरा सेकंद. दोन्हीकडे वाढ पाचचीच. जिथे पाच किलोमीटरने जीव वाचावा तिथे ते पाच मिळत नाहीत, कारण ते माझ्या हातात नसतात. आणि जिथे माझ्या हातात असतात, तिथे त्यांना काही किंमत नसते. लोणावळा ओलांडल्यावर आम्ही घाटातला उशीर भरून काढायला जे उडत जातो, कामशेतच्या बोगद्यात डिपर मारत, ते सतरा-सतरा सेकंद गोळा करायला.

एक मात्र कबूल करायला हवं. लेन बदलूच नये असं माझं म्हणणं नाही, आणि तसं म्हणणारे मला गाडी न चालवणारे वाटतात. डाव्या लेनमध्ये कंटेनर बंद पडून त्याच्या मागे झाडाच्या फांद्या नि दगड ठेवलेले दिसले, तर बदललीच पाहिजे, आणि लवकर बदलली पाहिजे. टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जात नाही म्हणून खिडकीतून हात काढून कुणी वाद घालत असेल तर दुसरी रांग बरी. शहरात सिग्नल असतो तिथे तर हिशेबच बदलतो. तिथे तुम्ही मिळवलेले दहा सेकंद पुढच्या लाल दिव्यापाशी शून्य होतात, आणि शंभरातून एखाद्या वेळी त्याच दहा सेकंदांमुळे हिरवा मिळतो आणि दीड-दोन मिनिटं खिशात पडतात. ती एक वेळ आपल्याला जन्मभर लक्षात राहते. लॉटरी लागलेल्या माणसाला तिकिटांचा खर्च विचारू नये. दुचाकीवाल्यांचंही वेगळं. ते दोन गाड्यांमधल्या फटीतून जातात ती जागा दुसऱ्या कुणाच्या कामाचीच नसते, त्यामुळे त्यांचा वेळ खरोखर वाचतो. कुणाच्या आरशांचं काय होतं तो भाग निराळा.

पण 29 वेळा?

मला जास्त खुपलं ते मागच्यांचं. जपानमधल्या युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग 2008 साली प्रसिद्ध झाला. त्याचं चित्रण मी किती वेळा बघितलं असेन. 230 मीटर परिघाचं एक गोल रिंगण, त्यात 22 गाड्या. सिग्नल नाही, चढ नाही, टोल नाही, कुणी आडवं येत नाही. सगळ्यांना सांगितलं, ताशी 30ने गोल फिरत राहा. थोडा वेळ छान फिरतात. मग कुणीतरी जरासा हळू होतो. त्याच्या मागचा त्याहून थोडा जास्त हळू होतो. त्याच्या मागचा आणखी. आणि बघता बघता रिंगणात एक थांबलेला गठ्ठा तयार होतो आणि तो गठ्ठा गाड्यांच्या उलट दिशेने, मागे मागे सरकत राहतो. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत पुढचा मुलगा जरा मागे रेलला की शेवटचा धपकन बसायचा, तसं. पहिल्याला पत्ताही नसायचा.

टँकरवाल्याने ब्रेक दाबला तो माझ्यामुळे. त्याच्या मागच्याने दाबला असणार, त्याच्या मागच्याने जास्त जोरात. वळणावर खाली बघितलं की तांबडे दिवे एकामागून एक लागत खाली उतरताना दिसतात, घाटात ते फार स्पष्ट दिसतं. माझ्या 29 रेघांमधून अशा किती माळा खोपोलीकडे उतरल्या असतील. खाली कुणीतरी बायकोला सांगत असेल, काहीच नाहीये गं पुढे, उगाच थांबलेत सगळे.

मग करतो कशाला आपण हे? वेळेसाठी करत नाही एवढं आता मला कळलंय. वेळेसाठी करत असतो तर फूड मॉलमध्ये वडापावच्या रांगेत पंचवीस मिनिटं काढली नसती, तीही स्वतः होऊन. थांबून राहणं अंगाला येत नाही हे एक. एका लेनमध्ये बसून राहिलं की आपण काहीच करत नाही असं वाटतं, आणि स्टिअरिंगवर बसलेल्या पुरुषाला, त्यातून मागे आई, शेजारी बायको असलेल्या पुरुषाला, काहीच न करणं झेपत नाही. दुसरं म्हणजे, कुणीतरी आपल्याला मामा बनवून पुढे जातंय ही भावना. तो बलेनोवाला माझा कोण लागतो? पण तो पुढे गेला की पोटात काहीतरी हलतं, जे पगारवाढीच्या दिवशी शेजारच्या टेबलावरचा हसला की हलतं. फळीवरची ओळ उगाच लोकप्रिय नाही. तिच्यात वेळेबद्दल एक अक्षर नाही. सगळी ओळ कोण कुणाकडे रागाने बघतंय याबद्दल आहे.

कार्यालयाच्या दारात पोचलो तेव्हा 10 वाजून 58 मिनिटं झाली होती. मंगलाष्टकं संपून ताशा वाजत होता. अंतरपाट दूर झाला होता, लोकांनी अक्षता टाकून झाल्या होत्या आणि सगळे वळून जेवणाच्या दिशेचा अंदाज घेत होते. सहा मिनिटं. कडेला काढलेली बारा वजा करा, म्हणजे काय झालं असतं ते मी मनात करून बघितलं आणि बघून लगेच बंद केलं.

मावसभावाची आई, म्हणजे माझी मावशी, पुढे आली. “अगं ताई, किती वाट बघितली. नातवाने दोनदा विचारलं, मोठी आजी कुठाय.” माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, पण आईच आधी बोलली. तिने ओला पदर डाव्या हाताने मागे घेतला, कोरडा खांद्यावर पुढे ओढला आणि म्हणाली, “अगं काय सांगू, घाटात कसली गर्दी! हा बिचारा सव्वासहाला निघाला होता. त्याने फार प्रयत्न केला गं.”

फार प्रयत्न केला ही गोष्ट खरी होती. पत्रिकेच्या मागे लेखी पुरावा होता.

जेवायला बुफेच्या दोन रांगा होत्या. डावीकडच्या रांगेत मठ्ठा संपला म्हणून खोळंबा झाला तेव्हा आतेभावजय ताट घेऊन उजवीकडे गेली, आणि ती तिथे पोचते न पोचते तोच डावीकडे मठ्ठा आला. मी तिला काही म्हणालो नाही. मीही नुकताच उजवीकडून डावीकडे आलो होतो, जिलेबीसाठी.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी लवकर निघालो. उतरणीचा घाट, आणि मुंबईकडे परतणारी रविवारची खरी लाट संध्याकाळी येते, म्हणून रस्ता अगदी भरलेला नव्हता. तरी खंडाळ्याखाली कंटेनर होतेच, ब्रेक गरम होऊन रबर जळल्याचा वास येत होता, आणि उजवीकडून लोक सपासप जात होते. मी मधल्या लेनमध्ये होतो. हात सारखे उजवीकडे जायला बघत होते, ते मला जाणवत होतं. एकदा तर इंडिकेटर लावून परत बंद केला. मागचा गोंधळला असावा.

लेकीने पत्रिका पुन्हा काढली होती. कालच्या रेघांखाली तिने एक आडवी रेघ मारली आणि खाली तेच तीन रकाने पाडले. ‘ते’च्या खाली गाड्या भराभर पडत होत्या. ‘आपण’मध्ये थोड्या, बहुतेक ट्रक. तिसऱ्या रकान्यात एकच रेघ, तीही खंडाळ्याच्या बोगद्याआधीची.

“बाबा, आज तुमचं काहीच होत नाहीये,” ती म्हणाली.

“हळू बोल,” बायको म्हणाली. “आजी बघ.”

आरशात बघितलं. आई झोपली होती. मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं. लिंबू घरंगळून सीटच्या फटीत गेलं होतं. पिशवी हातात होती, अजून घडी न मोडलेली. खालापूरच्या टोलनाक्यावर फास्टॅगच्या यंत्राने टूं केलं तरी ती उठली नाही.